बोर्डावरचा साडू

महिपत भोईराला रंगांचं वेड आहे, असं कल्याण-डोंबिवलीत लोक म्हणायचे. लोकांचं काय जातंय म्हणायला. महिपतला खरं वेड होतं ते एका माणसाचं, आणि तो माणूस म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मारुती. सकाळी मिसरी लावताना महिपतला मारुती आठवायचा, जेवताना घासागणिक आठवायचा, आणि बोर्ड रंगवताना तर मध्येच हात थांबवून तो मारुतीला मनातल्या मनात दोन शिव्या घालायचा आणि मगच पुढचा फटकारा मारायचा. हेवा हे दुखणंच तसं असतं. त्याला औषध नाही, आणि असलं तरी रोग्याला ते घ्यायचं नसतं.

तसा माणूस वाईट नव्हता हो. बाप दुसऱ्याच्या मिठागरावर राबून गेला. महिपत पोरवयापासून खाडीत लागणाऱ्या पडावांच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, डोळे आणि मासे रंगवायचा. पुढे गावच्या देवळात त्यानं राक्षस मारणारी देवी काढली, तर म्हाताऱ्या बायका तिच्यापुढं उभं राहायला घाबरायच्या. ही देवी कल्याणच्या प्रभाकर टॉकीजचे मॅनेजर त्र्यंबकराव यांनी पाहिली आणि महिपत थेटराचा पेंटर झाला. थेटराच्या दारावर लाकडी चौकटीत ताणलेला भला मोठा कापडी बोर्ड. शुक्रवारी पिक्चर बदलायचं, म्हणून गुरुवारी जुन्या चित्रावर पांढरा हात मारायचा आणि त्यावर नवं काढायचं. राजे, राण्या, डाकू, देव, सगळे आठवड्याचे पाहुणे. महिपतच्या हिरॉइनी रडल्या की सुपारीएवढी आसवं गाळायच्या. बाजाराला आलेली माणसं ओझं खाली ठेवून बोर्ड बघायची आणि महिपत समोरच्या हॉटेलात बसून त्या माणसांना बघायचा. तेवढं एक सुख त्याला पुरेसं होतं. म्हणजे मारुती येईपर्यंत होतं.

महिपतचा सासरा काळुराम हा कोपर गावचा. खाडीकाठी स्वतःची मिठागरं, वर भाताची जमीन, घराला मंगलोरी कौलं. मुलगा नाही, मुली दोन. थोरली तुळसा महिपतला दिली. रंगारी जावई पाहून भाऊबंद हसले होते, पण काळुरामनं जावयाचं कधी उणं केलं नाही. सणासुदीला बोलावणं यायचं, पाय धुवायला पाणी यायचं, आणि जेवायला देव्हाऱ्याच्या बाजूचा पहिला पाट महिपतचा असायचा. त्या पाटावर बसला की महिपतला वाटायचं, आपण बोर्डावरच्या राजांपैकीच एक आहोत.

मग धाकट्या कमळाचं लग्न झालं. मारुती कल्याणच्या रेल्वे यार्डात खलाशी लागला होता, त्याचा फायरमन झाला आणि बघता बघता शंटिंगच्या इंजिनावर ड्रायव्हर झाला. शंटिंग म्हणजे काय, तर यार्डातल्या यार्डात मालाच्या वाघिणी पुढं ढकलायच्या आणि मागं ओढायच्या. "जल्मभर गारी चालवील आनि कल्यानच्या भाईर जानार नाय," असं महिपत तुळसाला पुन्हा पुन्हा ऐकवायचा. पण काळुरामचं मीठ वाघिणींतून जायचं. कुठली वाघीण कधी रिकामी होतेय हे मारुतीला ठाऊक असायचं, आणि तो सांगायचाही. शिवाय निळा डगला, बिल्ला, राहायला रेल्वेचं क्वार्टर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस चांगला. नालायक असता तर महिपतला हेवा करायला तरी बरं पडलं असतं.

त्रेपन्न सालचा धोंडा वैशाखात आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. काळुरामच्या ओटीवर दोन पाट मांडले होते. महिपत पाय धुऊन पहिल्या पाटाशी आला, आणि तेवढ्यात मारुती दारात. थेट इंजिनावरून आलेला, डगल्याला तेल, तोंडाला काजळी. सासू कौतुकानं हसली. काळुराम उठून पुढं गेला.

"मारुती, तू बस हितं. डिवटीवर जायाचा हाय तुना." आणि मग महिपतकडं वळून, अगदी प्रेमानं, "जावयबापू, तुमी काय, घरचंच. सरका जरा."

महिपत सरकला. काय करणार? भरल्या घरात पाटासाठी भांडणारा जावई लोकांनी डोक्यावर घेतला नसता. त्याच्या पानात तेच धोंडे पडले, तेच तूप पडलं. पण 'सरका जरा' हे दोन शब्द त्याच्या घशात जे अडकले ते अडकलेच. आणि एकदा सरकलेला पाट पुन्हा जागेवर येत नाही. दिवाळीला मारुती पहिला, गावदेवीच्या जत्रेला मारुती पहिला, चुलत मेव्हणीच्या हळदीला नारळ मारुतीच्या हातात पहिला. मारुतीच्या ध्यानातही येत नव्हतं की आपण कुणाच्या जागेवर बसतोय. तो जेवायचा, ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "साडूभाव, तुमच्या बोर्डावरची ती बाई लय रडत होती हो. कोन मेला होता तिचा?"

दुसऱ्या पाटावरून महिपतला मारुतीचं तोंड बाजूनं दिसायचं. दोन-अडीच वर्षं त्यानं ते तोंड असं बघितलं, जसं सावकार गहाण पडलेली जमीन बघतो. डावी भुवई मध्येच तुटलेली, तिथं निखारा उडून लागलेला. मिशीचं उजवं टोक जरा पडकं. वाफेपुढं बारीक करून करून डोळ्यांना कायमची पडलेली चूण. हसला की वरची हिरडी दिसते. आणि डाव्या कानाच्या पाळीखाली एक तीळ, मोहरीएवढा. महिपतनं अंधारातसुद्धा ते तोंड काढलं असतं. जळणाऱ्याला उजेड लागत नाही.

पंचावन्न साली धोंडा भादव्यात आला. कोपरहून सांगावा आला, दोन्ही जावयांनी जोडीनं यावं. सांगावा ऐकल्यापासून महिपतच्या अंगाचा तिळपापड. ह्या खेपेला पहिला पाट मिळाला नाही तर तो जन्मात मिळणार नाही, हे त्याला कळत होतं. काळुराम थकला होता. आता बसेल त्याचीच जागा कायमची ठरणार, आणि मग काळुराम गेल्यावरही त्या घरात महिपत हा 'सरका जरा'च राहणार.

अशात ते विलायती पिक्चर आलं.

यायचं होतं दुसरंच, देवादिकांचं. पण ते ठाण्यात धो धो चाललं होतं आणि तिथून हलेना. रिकामं थेटर ठेवण्यापेक्षा त्र्यंबकरावांनी मुंबईहून एक इंग्रजी पिक्चर स्वस्तात आणलं. ना ओळखीचा नट, ना नाच, ना गाणं, आणि सव्वा तासात खेळ खलास. त्र्यंबकराव स्वतःच कपाळाला हात लावून बसले होते.

"मालगाडीवर दरोडा पडतो, एवढंच मला कळलं आहे," ते म्हणाले. "कंपनीनं पोस्टरही दिलेलं नाही. हा एवढाच फोटो. ह्याच्यावरून काय काढायचं ते काढ बाबा. नाव आपण देऊ, आगगाडीवरचा दरोडा."

फोटोत इंजिन होतं. इंजिनाच्या पायरीवर एक माणूस, फाटका शर्ट, तोंड कोळशानं काळं, हातात पिस्तूल. त्याच्यापुढं दोघं जण हात वर करून उभे, अंगात लांब कोट, डोक्यावर हॅट, पायांत चकचकीत बूट.

"ह्यातला चोर कोन, रावसायेब?"

"अरे, ज्याच्या हातात पिस्तूल तो चोर. ते कोटातले गृहस्थ कशाला गाड्या लुटतील? पिस्तूलवाला मोठा घे, कोटवाले मागे बारीक दाखव."

महिपतला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. साहेब देश सोडून गेले तरी त्यांचा कोट इथल्या माणसांच्या मनात खुंटीला टांगलेला होताच. त्या कोटाच्या आत चोर असेल, हे ना मॅनेजरच्या डोक्यात आलं, ना पेंटरच्या. महिपत फोटो घेऊन मागच्या शेडमध्ये गेला. इंजिन. काळं तोंड. दरोडेखोर. आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळं तोंड म्हणजे कुणाचं तोंड, हे काय त्याला फोटोला विचारायचं होतं?

पावसाळ्यात सरसाच्या चिकट पाण्यात कालवलेले रंग ओघळतात, म्हणून बोर्डाला तेलाचे रंग लागायचे. त्र्यंबकराव तेल हात आखडून द्यायचे आणि एरवी महिपत ते पुरवून पुरवून वापरायचा. ह्या खेपेला त्यानं घरून जवसाच्या तेलाचा स्वतःचा डबा आणला. हा दरोडेखोर भादव्याच्या कितीही पावसात हलता कामा नये. सगळ्या कल्याणनं, यार्डानं, कोपरनं तो बघायला हवा, आणि काळुरामनं तर आधी बघायला हवा. चोराच्या शेजारी पहिला पाट कोण मांडतो ते बघू.

ह्या खेपेला त्यानं बुधवारीच बोर्ड उतरवून सुरुवात केली ती गुरुवारी दुपारपर्यंत त्याला तहानभूक नव्हती. तुळसा सुकी मासळी विकायला कल्याणच्या बाजाराला यायची आणि नवऱ्याची भाकरी शेडमध्ये ठेवून जायची. गुरुवारी ती टोपली घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"यो तं मारुती," ती म्हणाली.

"यो दरोडेखोर हाय."

"माझ्या भयनीचा नवरा हाय तो. त्यानी तुझा काय घेतलाय?"

"माझा पाट घेतलाय."

"लाकराचा पाट. आपल्या घरी चार परलेत. कंचा पन घे नि बस."

"तुना नाय कलायचा," महिपत म्हणाला आणि भुवईच्या तुटक्या जागी आणखी एक बारीक रेघ ओढली.

तुळसा जवळ आली. बोर्डावरचं तोंड तिच्या कमरेएवढं उंच होतं. ती बराच वेळ बघत राहिली. रागावेल, बोर्ड फाडीन म्हणेल, असं महिपतला वाटलं होतं. पण ती वेगळंच बोलली.

"कानाखालचा तील पन काढलास. कमलीच्या नवऱ्याला मी येवऱ्यांदा बगितला, मना तो तील कवा दिसला नाय." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या तोंडाकरं येवरा निरखून कवा बगितलास रं?"

"बाजूला हो, उजेड आरतो," महिपत म्हणाला.

तिनं भाकरी ठेवली आणि गेली.

शुक्रवारी सकाळी बोर्ड चढला. महिपत समोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसला, आणि खरं सांगायचं तर असला बोर्ड त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. राजे-राण्या सगळ्या कागदाच्या वाटाव्यात असा तो काळतोंड्या माणूस पायरीवरून आता खाली उडी मारील, असा उभा होता. डोळे तर असे की रस्त्यावरून कुठूनही जा, तुमच्याकडंच बघतोय. दुपारी पहिली पाळी सुटली आणि यार्डातली माणसं रस्त्यानं येऊ लागली. एक थांबला. दुसऱ्याला त्यानं कोपरानं ढोसलं. मग हशा फुटला.

"अरे, हा तर आपला मारुती."

"तरीच म्हटलं, वाघिणींतली पोती कमी कशी भरतात."

त्या घोळक्यात मागून मारुती आला. कुणीतरी त्याला हाताला धरून पुढं ओढलं आणि वर बोट दाखवलं. मारुतीनं मान वर केली. आधी हसला, मग हसू विरलं, मग त्याचा हात आपोआप डाव्या कानाखाली गेला. रस्त्यापलीकडून महिपत हे सगळं बघत होता. त्याच्या पोटात जो थंडावा पसरला तो शहाळ्याच्या पाण्यानंही पसरला नसता. सरका जरा, मारुतीराव. आता तुम्ही सरका जरा.

पण रेल्वेची माणसं टवाळ. मारुतीला एवढ्यावर सोडतील तर ती रेल्वेची कसली. "चल, तू काय काय लुटलंस ते बघू तरी," म्हणत त्यांनी त्याला तीनच्या खेळाला आत ओढलं. रिकामं पडणार म्हणून त्र्यंबकराव ज्या थेटराला रडत होते, ते निम्मं यार्डानंच भरलं.

महिपत आत गेला नाही. त्याला आतलं काही बघायचंच नव्हतं, त्याचा खेळ बाहेर होता. त्यानं आणखी एक चहा मागवला. थोडा वेळ थेटर चिडीचूप. मग आतून एक शिट्टी आली. मग शिट्ट्यांवर शिट्ट्या, पायांनी बाकं बडवल्याचा आवाज, आरोळ्या. डोअरकीपर उत्तम विडी ओढायला बाहेर आला आणि रस्ता ओलांडून महिपतकडं धावत आला.

"काय पेंटर, लोकांनी डोक्यावर घेतलाय तुमचा माणूस."

"कंचा माणूस?"

"तो काळतोंड्या. ड्रायव्हर आहे ना तो इंजिनाचा. ते दोघे कोटवाले साले चोर निघाले. गार्डाला बांधून घातला, डबा फोडला, आणि ह्यानं एकट्यानं कोळशाच्या फावड्यानं एकाच्या हातावर अशी दिली, पिस्तूल काढून घेतलं आणि दोघांना पायरीखाली उभं केलं. त्याचाच फोटो तो." उत्तमनं विडीचा झुरका घेतला. "पण तुम्ही मारुतीचंच तोंड लावलंत, मानलं बुवा. आत मारुतीला लोकांनी खांद्यावर घेतलंय."

महिपतचा चहा बशीत होता तसाच राहिला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपल्याकडं म्हणतात. इथं तर बिचाऱ्यानं मारुतीचा चोर करायला घेतला होता आणि झाला त्याचा देव.

खेळ सुटला. घोळका मारुतीला उचलूनच बाहेर आला आणि बोर्डाखाली थांबला. फुलवाल्याकडून कुणीतरी झेंडूचा हार आणला, शिडी आणली, आणि बोर्डावरच्या काळ्या तोंडाला तो हार घातला. मारुती खाली लाजून लाल झाला होता. त्र्यंबकराव बाहेर येऊन महिपतला शोधू लागले आणि सापडल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"महिपत, कमाल केलीस तू. मी त्याला चोर म्हटलं होतं, पण तू मात्र हिरो ओळखलास. आणि आपल्याच गावच्या ड्रायव्हरचा चेहरा, वा. ह्याला म्हणतात कलावंताची नजर."

"अंदाज हो," महिपत म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

रविवारी दुपारी मारुती कमळाला घेऊन डोंबिवलीला महिपतच्या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. तुळसानं चहा टाकला. मारुती बसेना, उभाच राहिला, आणि एकदम वाकून त्यानं महिपतच्या पायांना हात लावला.

"साडूभाव, तुमी थोरलं. मना माफी करा."

"कसली माफी?"

"बोर्ड मी पयल्यांदा बगितला. मना वाटला, साडूभावाच्या मनात माझ्याबद्दल काय तरी वाकरा हाय. म्हनून मना चोर केला." मारुतीनं पुडा महिपतच्या पुढ्यात ठेवला. "मग पिक्चर बगितला आनि माझीच मना लाज वाटली. ज्या मानसानं मना येवरा मोठा केला त्याच्यावर मी संशय घेतला. तीन दिस जेवन गोड लागला नाय."

महिपतनं दाराकडं बघितलं. तुळसा तिथं कपबशा घेऊन उभी होती. तिनं फक्त नवऱ्याकडं बघितलं, आणि महिपतनं नजर काढून घेतली.

"उठ रं," तो म्हणाला. "मनात काय आनू नको."

त्यानं पेढा तोंडात टाकला. त्याला राग आला होता, आणि राग ह्याचा की माफीसुद्धा ह्यालाच मागता येते. हातावर खरी गोष्ट घेऊन हा माणूस दारात आला होता, आणि ती खोटी समजून पाया पडून चालला होता. आपण असतो तर आपल्याला जमलं असतं का? नसतं जमलं. म्हणजे त्यातही मारुतीच पुढं. एखाद्यानं हेवा करावा तरी किती, त्याला काही सुमार? पण महिपतला त्या क्षणी मारुतीच्या चुकीचासुद्धा हेवा वाटला.

पिक्चर दुसऱ्या आठवड्यातही चाललं. कोपरहून काळुराम गावकऱ्यांना बैलगाड्यांत घालून आला. जन्मात थेटराची पायरी न चढलेला म्हातारा खुर्चीवर मांडी घालून बसला आणि पडद्यावर तो काळतोंड्या आला की शेजारच्याला सांगू लागला, "यो माझा धाकला जावय." बाहेर आल्यावर बोर्डापुढं उभा राहून त्यानं हात जोडले. मारुती सगळ्यांना सांगत होता, "समदा साडूभावाचा काम हाय, माझा काय नाय." आणि महिपत मान डोलवत होता. मान डोलवताना त्याच्या मनात एकच विचार होता, गुरुवारचा. गुरुवारी पांढरा हात. एक बादली रंग आणि मोठा ब्रश, मग ती भुवई नाही, तो तीळ नाही, त्या बघणाऱ्या डोळ्यांवर सपासप पांढरं. इतक्या आतुरतेनं त्यानं आजवर एकाही गुरुवारची वाट बघितली नव्हती.

गुरुवारी तो बादली घेऊन शेडमध्ये गेला तर चौकट रिकामी.

"तुझे सासरे सकाळीच कापड उतरवून घेऊन गेले," त्र्यंबकराव म्हणाले. "मी म्हटलं, न्या. एवढं सुंदर काम, त्यावर पुन्हा पांढरं कशाला मारायचं? नवीन कापड देतो मी तुला. आणि तेलाचे रंग आहेत, दहा-वीस वर्षं काही होत नाही त्याला."

धोंड्याचं जेवण त्याच पंधरवड्यात होतं. काळुरामच्या ओटीवर पाट मांडले होते, रांगोळी काढली होती. मारुती आधी आला होता, पण बसला नव्हता. महिपत पाय धुऊन वर आला तसा मारुती पुढं झाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं महिपतला देव्हाऱ्याच्या बाजूच्या पाटाशी नेलं.

"मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "यो पाट साडूभावाचा. इतकी वर्सं मी बसत होतो नि तुमी मना बसवत होता. चुकला आपला."

काळुरामनं महिपतकडं बघितलं. म्हाताऱ्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "बसा जावयबापू," तो म्हणाला. "तुमी थोरलं. धाकल्या जावयाचा तोंड गावाला तुमी दावलात. पयला मान तुमचा, नि मी हाय तवर तुमचाच."

महिपत पाटावर बसला. ह्याच पाटासाठी त्यानं दोन-अडीच वर्षं स्वतःला जाळून घेतलं होतं. पाट तोच, पितळी फुल्या तशाच, शेजारी देवाचा दिवा. त्यानं वर बघितलं आणि समोरची सगळी भिंत मारुतीनं भरलेली होती. काळुरामनं कापड खिळे मारून तिथं लावलं होतं, सुकलेल्या झेंडूच्या हारासकट. पहिल्या पाटावर बसणाऱ्याच्या नजरेला नजर देऊन तो काळतोंड्या माणूस उभा होता. दुसऱ्या पाटावरून कदाचित तो एवढा समोर आला नसता. शेजारी खरा मारुती मान खाली घालून जेवायला लागला होता, त्याला त्या भिंतीकडं बघायची लाज वाटत होती.

वाण आलं. अनारशांचं ताट, वर लावलेला दिवा, पहिलं महिपतच्या हातात. बायका कौतुकानं बघत होत्या. महिपतनं ते घेतलं आणि शेजारी ठेवलं, पण त्याचे डोळे भिंतीवर होते. मिशीचं उजवं टोक थोडं जास्तच पडकं झालं होतं. ते नीट करायला हवं, असं त्याला वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं ह्याचा त्याला संताप आला. आता सणासुदीला इथं यायचं, इथंच बसायचं, आणि जेवताना हेच बघायचं. आपल्याच हातचं, आपल्या जन्मातलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते तोंड मारुतीचं.

तुळसा धोंडे वाढायला आली. पानापुढं वाकली आणि थांबली. नवरा तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

"आथा तरी हिकरं बग," ती हळूच म्हणाली. मग काय तिच्या मनात आलं कुणास ठाऊक, तिनं पदर पुढं ओढून तोंड झाकून घेतलं, नुसते डोळे उघडे ठेवले. "सांग, माझा गोंदन कुठं हाय?"

महिपत गोंधळला. एवढी सोपी गोष्ट. लग्न होऊन किती वर्षं झाली, रोज सकाळी जिच्या हातचा चहा घेतो, जिच्या हातची भाकरी खातो. त्यानं आठवून बघितलं. भुवई आठवली, ती तुटलेली होती. तीळ आठवला, तो डाव्या कानाखाली होता. मिशी आठवली.

"गालावर," तो म्हणाला. "डाव्या."

तुळसानं एक धोंडा त्याच्या पानात ठेवला, वर तूप घातलं, आणि पुढं मारुतीला वाढायला गेली. वाढताना तिचा पदर खाली आला. गोंदण हनुवटीवर होतं.